बंदूक खरेदीतले ‘तीन दिवस’ : पार्श्वभूमी

अमेरिकेत बंदूक विकत घेणाऱ्याच्या तपासणीसाठी सरकारला किती दिवस मिळावेत, हा वाद वरकरणी आकड्यांचा दिसतो. त्याच्या मुळाशी 1993 सालची एक तडजोड आहे. तपासणी मुदतीत पूर्ण झाली नाही, तर बंदूक द्यायची की अडवून धरायची? त्या वर्षीच्या कायद्याने द्यायची ठरवले, आणि आज मांडल्या जाणाऱ्या बहुतेक दुरुस्त्या या एका निर्णयाभोवतीच फिरतात.

1968 च्या कायद्याने गुन्हेगारांना, अमली पदार्थांच्या व्यसनींना बंदूक विकायला मनाई केली खरी. पण ग्राहकाने फॉर्मवर ‘नाही’ लिहिले की दुकानदाराचे काम संपत असे. लिहिलेले खरे की खोटे, हे पाहणारे कोणी नव्हते. 1981 मध्ये राष्ट्राध्यक्षांवर गोळीबार झाला, त्यांचे माध्यम सचिव कायमचे अपंग झाले. हल्ल्यात वापरलेले रिव्हॉल्व्हर टेक्ससमधल्या दुकानातून असेच घेतलेले होते. त्यानंतरही कायदा व्हायला बारा वर्षे लागली.

फेब्रुवारी 1994 पासून हँडगनसाठी (पिस्तूल, रिव्हॉल्व्हर) कामकाजाचे पाच दिवस थांबण्याची अट आली आणि तपासणी स्थानिक पोलिसांकडे गेली. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल दिला की केंद्र सरकार स्थानिक अधिकाऱ्यांना असे राबवून घेऊ शकत नाही. पाच दिवसांची अट तशीही तात्पुरतीच होती. 30 नोव्हेंबर 1998 ला संगणकीय तपासणी सुरू झाली आणि ही अट संपली. त्याच दिवसापासून रायफल आणि शॉटगनही तपासणीच्या कक्षेत आल्या.

बहुतेक खरेदीदारांचा निकाल काही मिनिटांत लागतो. घोळ होतो तो नोंदी अर्धवट असतात तिथे. अटक झाल्याचे दिसते, पुढे खटल्याचे काय झाले ते दिसत नाही. अशा वेळी तपासनीसाने फोन, फॅक्स करून माहिती मागवायची आणि त्यासाठी त्याच्या हाती कामकाजाचे तीन दिवस. तेवढ्यात उत्तर आले नाही तर विक्री करायला दुकानदार मोकळा. सरकारी दिरंगाईचा भुर्दंड निर्दोष नागरिकाने का सोसावा, हा या तरतुदीमागचा युक्तिवाद, आणि तो अगदीच गैरलागू नाही. पण त्या दिरंगाईची किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागली तर काय, याचे उत्तर त्यात नाही.

एप्रिल 2015 मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या एका तरुणाने पिस्तूल मागितले. त्याच्या नावावर अमली पदार्थ प्रकरणातली अटक होती. नोंदीत अटक करणारे खाते चुकीचे लिहिले गेले होते. तपासनीसाने काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पोलिसांकडे विचारणा केली, तेव्हा प्रकरण शहर पोलिसांचे असल्याचे कळले. मग विचारणा गेली ती शेजारच्या दुसऱ्याच शहराच्या पोलिसांकडे. तीन दिवस उलटले आणि दुकानाने पिस्तूल दिले. अटकेच्या वेळी त्याने अमली पदार्थ जवळ असल्याचे कबूल केले होते. तो कागद वेळेत हाती आला असता तर विक्री नाकारली गेली असती. 17 जून रोजी त्याने चार्ल्सटनच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेल्या नऊ जणांना ठार केले. हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. बंदूक विकली गेल्यावर खरेदीदार अपात्र असल्याचे उघड होते, आणि मग ती परत मिळवायला केंद्रीय अधिकाऱ्यांना जावे लागते, अशी हजारो प्रकरणे एकेका वर्षात झाली आहेत.

प्रतिनिधिगृहाने 2019 मध्ये 228 विरुद्ध 198 आणि 2021 मध्ये 219 विरुद्ध 210 मतांनी मुदत तीनऐवजी दहा दिवसांची करणारी विधेयके मंजूर केली. दहा दिवसांतही उत्तर न आल्यास खरेदीदाराने अर्ज करायचा आणि आणखी दहा दिवस थांबायचे, अशी त्यांत सोय होती. सिनेटमध्ये दोन्ही अडकली. बफेलो आणि उवाल्डे इथल्या हत्याकांडांत हल्लेखोर अठरा वर्षांचे होते, म्हणून जून 2022 च्या कायद्याने 21 वर्षांखालच्यांपुरती वाट मोकळी झाली: त्यांच्या बालवयातल्या नोंदीत शंकास्पद काही आढळले तर तपासणीला दहा दिवसांपर्यंत मुदत. बाकी सगळ्यांसाठी तीन दिवस कायम राहिले.

राज्यांची सक्तीची प्रतीक्षा ही वेगळी गोष्ट, आणि बातम्यांत दोन्हींची नेहमी सरमिसळ होते. तिथे तपासणी मिनिटात आटोपली तरी ग्राहकाला थांबावेच लागते, म्हणजे रागाच्या किंवा निराशेच्या भरात बंदूक हाती पडू नये. कॅलिफोर्नियात ही मुदत दहा दिवसांची आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हे लक्षात घेतले की या थांबण्याचे मोल कळते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा प्रतीक्षेचा संबंध बंदुकीने होणाऱ्या हत्यांमधल्या सुमारे 17 टक्के घटीशी असल्याचे दिसले.

2022 चा कायदा होण्याच्या दोनच दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने नवी कसोटी घालून दिली होती: शस्त्रांवरचे निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळले पाहिजेत. या कसोटीवर ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाच्या पीठाने न्यू मेक्सिकोची सात दिवसांची प्रतीक्षा 2 विरुद्ध 1 मतांनी घटनाबाह्य ठरण्याजोगी मानली. त्यामुळे राज्यांच्या प्रतीक्षेचा वाद आता मुख्यतः न्यायालयांत लढला जातो आहे. तपासणीची तीन दिवसांची मुदत बदलणे मात्र अजूनही संसदेच्याच हाती आहे.