नखाची फट आणि आरपार आरसा

दर काही महिन्यांनी तोच संदेश व्हॉट्सअॅपवर पुन्हा फिरू लागतो. हॉटेलच्या खोलीत किंवा ट्रायल रूममध्ये गेलात की आरशाला नखाचं टोक टेकवा. नख आणि त्याची प्रतिमा यांच्यात फट दिसली तर आरसा साधा. फट नसेल तर तो ‘टू-वे’ म्हणजे आरपार, पलीकडून कोणीतरी बघतंय, लगेच बाहेर पडा. लोक तो काळजीपोटी पाठवतात आणि मुली त्यावर विसंबतात, म्हणून त्यातली चूक सोडून देण्यासारखी नाही. नखाची चाचणी आरपार आरसा ओळखत नाही. ती भलत्याच प्रश्नाचं उत्तर देते.

साधा आरसा सगळ्यांच्या घरी आहे, तेव्हा थोडक्यात. ४-५ मिमीची काच, तिच्या मागच्या अंगाला चांदीचा अतिशय पातळ थर आणि त्यावर रंगाचं संरक्षक आवरण. आपण अजून ‘आरशाचा पारा उडाला’ म्हणतो. पूर्वी कथील आणि पाऱ्याचा लेप देत, तिथून तो शब्द आला. आज त्यात पारा नसतो. कडेने ओल शिरली की चांदी काळी पडते, तेच ते डाग.

आरपार आरसाही काचच. तिच्यावरचा धातूचा थर मात्र इतका विरळ असतो की काही प्रकाश परततो, काही शोषला जातो आणि थोडा पार जातो. मागे काळा रंग नसतो. १९०३ साली एमिल ब्लॉख याने अमेरिकेत ‘पारदर्शक आरशा’चं पेटंट घेतलं, ती हीच कल्पना.

गोंधळ होतो तो इथे. आरशाबद्दल दोन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. लेप काचेच्या पुढच्या अंगाला आहे की मागच्या? आणि लेप पूर्ण अपारदर्शक आहे की विरळ? नखाची फट फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. नख काचेच्या पुढच्या पृष्ठभागाला टेकतं, परावर्तन मागच्या थरावर होतं, म्हणून मधे काचेची जाडी दिसते. ४ मिमीच्या काचेत समोरून पाहिलं तर प्रतिमा नखापासून सुमारे ५ मिमी मागे भासते. लेप पुढच्या अंगाला असेल तर नख थेट लेपालाच टेकतं आणि फट उरत नाही. पलीकडे खोली आहे की भिंत, याच्याशी त्या फटीचा काही संबंध नाही.

पुढून लेप दिलेले निरुपद्रवी आरसे पुष्कळ आहेत. परावर्तक दुर्बिणीचा आरसा, एसएलआर कॅमेऱ्यातला आरसा, झेरॉक्स मशीनमधले आरसे हे सगळे तसेच. मागून लेप असेल तर काचेचा पुढचा पृष्ठभागही सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो आणि मुख्य प्रतिमेशेजारी दुसरी फिकट प्रतिमा उमटते. घरी केस विंचरताना ती खुपत नाही, दुर्बिणीत खुपते. केरळातल्या आरन्मुळ्याचा आरसा तर काचेचा नसतोच. तो तांबं आणि कथिलाच्या मिश्रधातूचा, घासून चकचकीत केलेला असतो. त्यावरही नख आणि प्रतिमा एकमेकांना भिडतात. सार्वजनिक स्वच्छतागृहात लावलेल्या पॉलिश केलेल्या स्टीलच्या पत्र्यावरही तेच.

चाचणीची उलटी चूक जास्त घातक आहे. आरपार काच बसवताना लेपाची बाजू पलीकडच्या खोलीकडे ठेवली, तर अलीकडून नख लावल्यावर व्यवस्थित फट दिसेल. ती बघून माणूस निर्धास्त होईल आणि काच मात्र आरपार असेल.

मग अशी काच कशाच्या जोरावर चालते? फक्त उजेडाच्या फरकावर. तिला ‘वन-वे ग्लास’ही म्हणतात, पण ते नाव मला मुळीच पटत नाही, कारण एकाच दिशेने प्रकाश सोडणारी काच नसते. या थरातून जितका वाटा इकडून तिकडे जातो तितकाच तिकडून इकडे येतो. एक हिशोब करून पाहा. समजा काच १०० पैकी ६० भाग परत फेकते आणि १० पार सोडते. तुमच्या खोलीत उजेड ४०० आणि पलीकडे १०. तुमच्या डोळ्यांत तुमच्याच खोलीचे २४० भाग परत येतात, पलीकडून येतो फक्त १. तो १ कुठल्या कुठे बुडून जातो, म्हणून तुम्हाला आरसा दिसतो. पलीकडच्या माणसाकडे तुमच्या खोलीतून ४० येतात आणि स्वतःच्या खोलीचे ६ परततात, म्हणून त्याला खिडकी दिसते. त्याने दिवा लावून तिकडचाही उजेड ४०० केला, की तुमच्याकडे २४० सोबत ४० येऊ लागतात आणि पलीकडचे आकार पुसट दिसतात. काच तीच, बदलला तो दिवा.

रात्रीच्या रेल्वेप्रवासात हे सगळ्यांनी केलेलं असतं. डब्यात दिवे लागलेले असतात, बाहेर काळोख असतो आणि खिडकीच्या काचेत आपलाच चेहरा दिसतो. कुठलं स्टेशन आलं ते बघायला आपण काचेला कपाळ टेकवून दोन्ही हातांचा आडोसा करतो. आडोशाने डब्याचा उजेड अडतो, परावर्तन संपतं आणि बाहेरचा फलाट दिसतो. संशयास्पद आरशासमोर हेच करायचं.

खोलीतले दिवे बंद करा. आरशाला चेहरा टेकवून हातांचा घट्ट आडोसा करा. मोबाइलचा टॉर्च डोळ्यापासून दोन-तीन बोटांवर काचेला अगदी चिकटवून धरा. लांबून झोत टाकाल तर तोच परत डोळ्यांत येईल आणि काही कळणार नाही. काच आरपार असेल तर पलीकडची पोकळी, भिंत, निदान काहीतरी अंतर जाणवतं. साध्या आरशात टॉर्चचा चकाकता ठिपका आणि आपलाच डोळा, एवढंच. नंतर आरसा बसवलाय कसा ते पाहा. खिळ्याला टांगलेला किंवा स्क्रूने भिंतीवर ठोकलेला आरसा एक गोष्ट आणि खिडकीसारखा भिंतीतच बसवलेला आरसा दुसरी. टकटक करून येणाऱ्या आवाजावर फार भिस्त ठेवू नका. प्लायवूडवर चिकटवलेला साधा आरसाही पोकळ वाजतो.

नुसता कॅमेरा लपवायला अख्खी आरपार काच लागत नाही. साध्या आरशाच्या मागचा लेप छोट्या ठिपक्याएवढा खरवडला तरी पुरतो, आणि नखाची फट मात्र सगळीकडे नेहमीसारखीच दिसते. म्हणून अंधारात टॉर्च डोळ्याच्या बाजूला धरून सगळ्या आरशावरून हळूहळू फिरवा. भिंगाची बारीक, एकाच जागी टिकणारी चमक शोधा. काही सापडलं तर ते उचकटू नका. फोटो काढा, खोलीबाहेर या आणि ११२ ला फोन करा. स्त्रीला चोरून असं पाहणं किंवा तिचं चित्रण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे.

हीच गल्लत घरच्या खिडक्यांबाबतही होते. स्लायडिंगच्या काचांना चकचकीत फिल्म लावून घेतात आणि ‘आता बाहेरून काही दिसत नाही’ म्हणून पडदे काढून टाकतात. दुपारी ते खरं असतं, कारण बाहेरचं ऊन घरातल्या उजेडाच्या कितीतरी पट असतं. संध्याकाळी घरात दिवे लागले की बाजू उलटतात. तुम्हाला काचेत तुमचीच बैठकीची खोली दिसते आणि समोरच्या इमारतीतल्यांनाही तीच दिसते. फिल्म अजिबात खराब झालेली नसते. काचेवाल्याला दोष देण्याआधी घरातले दिवे लावून रात्री ८ वाजता खाली रस्त्यावर जाऊन स्वतःच्या खिडकीकडे पाहा, आणि पडद्याचा रॉड काढला असेल तर परत बसवून घ्या.