संवेदी एकात्मता उपचार (स्वमग्नता)

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या संवेदी, म्हणजे स्पर्श, आवाज, तोल अशा जाणिवांच्या, व हालचालींच्या अडचणींवर व्यवसायोपचारतज्ज्ञ खेळातून करतात तो उपचार; पालकांच्या बोलण्यात नुसते ‘ओटी’ (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार). अमेरिकी तज्ज्ञ ए. जीन एअर्स यांचा यावरील मूळ ग्रंथ १९७२ चा. स्वमग्नता यामुळे जात नाही.

आधी मुलाची तऱ्हा ओळखावी लागते. मिक्सर लागताच कान झाकणारे आणि दिवसभर बाजेवर उड्या मारणारे, दोघांना एकच उपाय चालत नाही. केस कापताना किंचाळणारे मूल गुडघा फुटला तरी रडत नाही, असेही दिसते. अशा मुलाला हलका स्पर्श बोचतो, घट्ट दाब सोसतो. म्हणून नखे काढण्यापूर्वी प्रत्येक बोटाचे टोक दाबून घ्यावे, तेही अंघोळीनंतर नखे मऊ असताना.

सत्रात क्रम महत्त्वाचा: आधी झोका, मग जोर लागणारे काम, शेवटी बसून करायचे बारीक काम. मागेपुढे संथ झोका शांत करतो, गोल गिरकी चेतवते. चेहरा पांढरा पडला, घाम सुटला किंवा मळमळले की तिथेच थांबवावे. त्रास कधी थोड्या वेळाने उमटतो. फिट येणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय गरगर फिरवू नये.

मराठवाड्यातल्या खेड्यातून आठवड्याला दोनदा शहर गाठणे बहुतेकांना जमत नाही, त्यामुळे खरा उपचार घरीच होतो. अर्धी कळशी उचलून आणणे, भाकरीचे पीठ तळहाताने रगडणे ही जोराची कामे स्नायू-सांध्यांना हवी ती जाणीव देतात. परातीत ज्वारी किंवा सरकी ओतून त्यात नाणी शोधायला लावतात. मात्र पेरणीचे रंगीत बियाणे कदापि घेऊ नये, त्याला विषारी औषध चोळलेले असते. तोंडा-नाकात वस्तू घालणाऱ्या मुलाला दाणे व नाणी दोन्ही नकोत, कणकेचा गोळा पुरे.

मुलाला शांत करायला घालतात त्या वजनदार जाकिटाच्या फायद्याचा पुरावा कमकुवत आहे, आणि इथल्या वैशाखात ते घालणे म्हणजे मुलाचा छळ.

तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जावे. राष्ट्रीय न्यास या अपंगांसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या खर्चात थेरपीही बसते.

सुरुवातीलाच दोन-तीन उद्दिष्टे लिहून ठेवावीत: शर्टाची गुंडी लावणे, दात घासू देणे. ८ ते १२ आठवड्यांत त्यांत फरक नसेल, तर झोक्यावर मूल कितीही रमो, आराखडा बदलावा.