धडा शिकवण्याचा हिशेब

सीमेवर काही घडलं की ‘एकदाचा धडा शिकवा’ ही मागणी सुरू होते. युद्ध हा परराष्ट्र धोरणाचाच एक भाग आहे, असं बजावणारे विश्लेषकही मग पुढे येतात. या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: युद्धाची किंमत आधी मोजता येते आणि हवं तिथे थांबता येतं. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने आयुष्यातली कित्येक वर्षं ज्या कामाला दिली, ते काम नेमकं याच गृहीतकाच्या मुळावर येतं.

रिचर्डसन क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते आणि हा पंथ शस्त्र उचलत नाही. पहिलं महायुद्ध सुरू असताना, १९१६ मध्ये, हवामान खात्यातली नोकरी सोडून ते फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवायला गेले. फावल्या वेळात ते कागदावर हवामानाचा अंदाज गणिताने मांडत बसत. आज संगणक जो अंदाज काढतात त्याचं मूळ तिथे आहे. परत आल्यावर ते पुन्हा हवामान खात्यात रुजू झाले, पण १९२० मध्ये खातं हवाई दलाच्या मंत्रालयाकडे गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. पुढे त्यांनी युद्धांची नोंदवही लिहायला घेतली.

भूकंप मोजतात तसं त्यांनी प्रत्येक संघर्षाला मृतांच्या संख्येवरून एक अंक दिला. हजार मृत्यू म्हणजे ३, दहा हजार म्हणजे ४, दहा लाख म्हणजे ६. एखाद-दुसऱ्या माणसाचा खून शून्याच्या आसपास. १८२० पासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची ३१५ युद्धं त्यांनी या पट्टीवर बसवली. ७ च्या पायरीवर दोनच होती, दोन्ही महायुद्धं. ६ च्या पायरीवर सात होती आणि त्यांतल्या एका नोंदीशी आपलं थेट नातं आहे: १९४६ ते १९४८ दरम्यान भारतीय उपखंडात झालेल्या दंगली. या सातांपैकी बहुतेक संघर्ष देशांतर्गत होते, हेही लक्षात घ्यायला हवं.

खरी मेख पुढे आहे. पट्टीवर एक पायरी चढलं की युद्धांची संख्या साधारण तिपटीने घटते, पण एकेका युद्धातले मृत्यू दसपट होतात. म्हणूनच ३१५ युद्धं आणि सगळे खून मिळून झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ६० टक्के एकट्या दोन महायुद्धांच्या वाट्याला येतात. माणसांची उंची सरासरीच्या आसपास राहते. वीस फुटी माणूस भेटत नाही. युद्धांना अशी सरासरीच नसते. लहान आणि महाभयंकर युद्धं एकाच उतरत्या रेषेवर बसतात, त्यामुळे पहिली गोळी सुटते तेव्हा हे युद्ध कोणत्या पायरीवर थांबेल हे त्या रेषेवरून सांगता येत नाही.

१९१४ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीला फक्त सर्बियाला धडा शिकवायचा होता. २८ जुलैला युद्ध जाहीर झालं. आठवडाभरात जर्मनी, रशिया, फ्रान्स आणि ब्रिटन त्यात ओढले गेले. शेवटी ऑस्ट्रिया-हंगेरी हे साम्राज्यच नकाशावरून पुसलं गेलं.

युद्धं टाळण्याचे उपायही रिचर्डसन यांनी तपासले. दोन देशांची भाषा एक असली म्हणून भांडण टळतं, असं त्यांना आढळलं नाही. जितके शेजारी जास्त, तितकी युद्धं जास्त, हे मात्र दिसलं. आता कोणी म्हणेल, १९४५ नंतर महायुद्ध झालेलं नाही, म्हणजे जग शहाणं झालं. संगणकशास्त्रज्ञ अॅरन क्लॉसेट यांनी २०१८ मध्ये १८२३ पासूनची आकडेवारी तपासली. हा निव्वळ योगायोग नाही असं ठामपणे म्हणायला ही शांतता आणखी किमान शंभर वर्षं टिकावी लागेल, असा त्यांचा निष्कर्ष आहे. यावर संशोधकांत मतभेद आहेत, पण मला हा इशारा गंभीर वाटतो.

मग युद्ध कधीच समर्थनीय नाही का? माझ्या मते, फायद्याच्या हिशेबावर नाही. फायद्यातून किंमत वजा करायची, पण त्या वजाबाकीतला किंमतीचा आकडाच अज्ञात असेल तर उत्तर कुठून येणार? पण न लढण्याची किंमत डोळ्यांसमोर वाढत असेल तर प्रश्न वेगळा होतो. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात कत्तल सुरू होती आणि सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. इंदिरा गांधी कित्येक महिने जगाच्या राजधान्यांची दारं ठोठावत राहिल्या. ३ डिसेंबरला पाकिस्तानने भारताच्या विमानतळांवर हल्ला केला आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. हे युद्ध मी समर्थनीय मानतो.

तरीही त्याच दिवसांत अमेरिकेने ‘एंटरप्राइज’ ही अण्वस्त्रक्षम विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली होती आणि सोव्हिएत युद्धनौका तिच्या मागावर होत्या. ते युद्ध खालच्या पायरीवर थांबलं, पण तिथेच थांबेल याची हमी दिल्लीत कोणाकडेच नव्हती.