खड्याचा वर्णपट: पूड कुठली घ्यायची?

शरीरात होणाऱ्या खड्यांचं, म्हणजे मुतखडे आणि पित्ताशयातले खडे यांचं, रसायनशास्त्र जुनं आहे. 18व्या शतकाच्या उत्तरार्धात पित्ताशयातल्या खड्यांतून कोलेस्टेरॉल वेगळं काढलं गेलं, 1776 मध्ये मूत्राशयातल्या खड्यात यूरिक आम्ल सापडलं, 1810 मध्ये सिस्टीन. त्यानंतर दीडशे वर्षं पद्धत फारशी बदलली नाही: खडा कुटायचा, आम्लात विरघळवायचा, थेंबाथेंबाने अभिकर्मक घालून रंग किंवा फेस पाहायचा. 'कॅल्शियम पॉझिटिव्ह, ऑक्झलेट पॉझिटिव्ह' असे अहवाल आजही रुग्णांच्या फायलीत दिसतात.

त्या अहवालावरून उपचार ठरवणं कठीण. ऑक्झलेटचे मुतखडे मुख्यतः दोन स्फटिकरूपांत येतात. एकात पाण्याचा एक रेणू असतो, दुसऱ्यात दोन. पहिला बहुधा लघवीतल्या वाढलेल्या ऑक्झलेटशी जोडलेला, दुसरा वाढलेल्या कॅल्शियमशी. परीक्षानळीत दोन्ही सारखेच. त्याहून गंभीर उदाहरण 1974 सालचं. एका आनुवंशिक दोषामुळे होणारे डायहायड्रॉक्सिअॅडेनीनचे खडे त्या वर्षी प्रथम नीट ओळखले गेले. नेहमीच्या रासायनिक चाचणीत ते यूरिक आम्लाचे म्हणून खपून जात. यूरिक आम्लाचा खडा लघवी अल्कधर्मी केली की विरघळू शकतो. हा विरघळत नाही, आणि योग्य औषध मिळालं नाही तर मूत्रपिंड जातं. अवरक्त वर्णपटात, म्हणजे पदार्थ अवरक्त प्रकाशाच्या कोणत्या लहरी शोषतो त्याच्या आलेखात, दोन्हींचे पट्टे स्पष्ट वेगळे पडतात.

1940च्या दशकात क्ष-किरण विवर्तनाने, म्हणजे स्फटिकांवरून क्ष-किरण कसे विखुरतात ते पाहून, खड्यांतली खनिजं ओळखता येऊ लागली आणि 1950च्या दशकाच्या मध्यावर अवरक्त वर्णपट आला. एक-दोन मिलिग्रॅम पूड अगेटच्या खलात कोरड्या पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर घोटायची आणि हायड्रॉलिक प्रेसमध्ये दाबून काचेसारखी चकती पाडायची. हे मीठ दमट हवेत पाणी ओढतं, म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात चकती धुरकट होते आणि पाण्याचे पट्टे खड्याच्या पट्ट्यांवर चढतात. पाण्याचा एक रेणू असलेल्या (एकरेणू) ऑक्झलेटचा ठळक पट्टा 1620 सेमी⁻¹ (दर सेंटिमीटरला लहरींची संख्या) च्या आसपास असतो, दोन रेणू असलेल्याचा (द्विरेणू) 1645 च्या. मधलं अंतर इतकं थोडं की ओली चकती थेट निदानच बिघडवते. चकतीशिवाय पूड थेट यंत्रातल्या स्फटिकावर ठेवण्याची सोय नंतर आली आणि हा त्रास बराच कमी झाला.

खरा वाद यंत्राचा नव्हता, नमुन्याचा होता: अख्खा खडा कुटून सरासरी काढायची, की तो कापून गाभा, मधले थर आणि पृष्ठभाग यांची वेगवेगळी पूड घ्यायची? अख्खी पूड सोपी, स्वस्त, आणि प्रयोगशाळांची तुलना करायला सोयीची. जर्मनीत 1980 ते 2001 मध्ये झालेल्या 44 तुलनात्मक फेऱ्यांनी रासायनिक पद्धतीच्या चुका उघड्या पाडल्या आणि ती बंद करावी असं सुचवलं. ते काम मोलाचंच. पण अशा तुलनेला सर्वांच्या हाती तीच पूड लागते, त्यामुळे नमुना कुठून घेतला हा प्रश्न तिच्यात उमटत नाही. खडा सुरू कशामुळे झाला ते गाभ्यातच असतं. तिथला चिमूटभर फॉस्फेट अख्ख्या पुडीत पाचेक टक्क्यांखाली गेला की ऑक्झलेटच्या पट्ट्यांखाली सहज गडप होतो.

पित्ताशयाच्या खड्यांत हे जास्त जाणवतं. बाहेर पिवळसर कोलेस्टेरॉल आणि मधोमध काळपट रंगद्रव्याचा ठिपका असलेला खडा पुडीत निव्वळ 'कोलेस्टेरॉलचा' ठरतो. रंगद्रव्याचे खडे नीट विरघळत नाहीत, काळ्या खड्यांतला बराच भाग स्फटिकरूपही नसतो. त्यामुळे जुनी रसायनं आणि क्ष-किरण दोन्ही तिथे अडतात. 1980च्या दशकात काळे आणि तपकिरी असे दोन गट रूढ झाले, त्यात वर्णपटाचा वाटा होता. तपकिरी खड्यांत कॅल्शियम पामिटेटचे (एका मेदाम्लाच्या कॅल्शियम क्षाराचे) पट्टे दिसतात आणि ते पित्तातल्या जिवाणूंच्या कामाची खूण समजले जातात. 1928 मध्ये कोलकात्यात सापडलेला रामन परिणामही (रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलणं) या कामी आला, मात्र रंगद्रव्य लेसरखाली स्वतःच इतकं चमकतं की 1980च्या दशकाअखेर अवरक्त लेसर येईपर्यंत काळ्या खड्यांत त्याचा फार उपयोग नव्हता.

1993 मध्ये फ्रान्समध्ये मुतखड्यांचं जे वर्गीकरण मांडलं गेलं, त्यात छेदाचं रूप आणि थरवार वर्णपट एकत्र वाचले जातात. माझ्या मते हाच योग्य मार्ग. जन्मजात ऑक्झलेटच्या आजारातला फिकट, विस्कळीत रचनेचा खडा आणि प्रौढांतला नेहमीचा गडद तपकिरी खडा यांचा वर्णपट एकच, एकरेणू ऑक्झलेटचा. फरक कापल्यावर डोळ्यांना दिसतो.

2008 मध्ये चीनमध्ये भेसळीच्या दूधभुकटीने लाखो बाळं आजारी पडली, तेव्हा त्यांच्या खड्यांत मेलामाइन आणि यूरिक आम्ल असल्याचं दाखवायला अवरक्त वर्णपटाचंच तंत्र कामी आलं. मेलामाइनसाठी नेहमीच्या रासायनिक संचात चाचणीच नव्हती.

आता अडचण दुसऱ्या टोकाला आहे. शस्त्रक्रियेत लेसरने खड्याची शरीराच्या आतच धूळ केली जाते. गाभा आणि थर एकत्र होतातच, शिवाय उष्णतेने द्विरेणू ऑक्झलेटचं एकरेणूत रूपांतर होतं आणि वर्णपट मूळ खड्याचा राहत नाही. म्हणून काही सर्जन लेसर चालवण्याआधी एक तुकडा अखंड काढून घेतात आणि दुर्बिणीतून दिसणाऱ्या खड्याचा फोटो नमुन्यासोबत प्रयोगशाळेत पाठवतात.