अनोळखी माणसावर विश्वास बसतो कसा?

‘बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो, की सावध राहिलेलंच बरं?’ समाजशास्त्रज्ञ गेली कित्येक दशकं हा साधा प्रश्न जगभर विचारत आहेत. घरच्यांवरचा भरवसा इथे मोजायचा नसतो, मोजायचा असतो परक्यावरचा. डेन्मार्क, नॉर्वेत बहुसंख्य लोक ‘ठेवता येतो’ म्हणतात. काही देशांत दहातला एकही तसं म्हणत नाही.

१९७० मध्ये इटलीत प्रादेशिक सरकारं आली. कायदा सारखाच, पण कारभार कुठे चोख, कुठे ढिसाळ. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी सुमारे वीस वर्षं हा फरक अभ्यासला. जिथे गायनमंडळं, फुटबॉल क्लब, सहकारी संस्था भरपूर, तिथला कारभार चांगला आणि परस्परांवरचा विश्वासही जास्त, असं त्यांना आढळलं. तेव्हापासून ‘लोक संस्थांत आले की विश्वास वाढतो’ हे समीकरण रुळलं.

मला ते अर्धंच पटतं. त्याच माणसांना वर्षानुवर्षं भेटून केलेल्या पाहण्या सांगतात, की विश्वास ठेवणारेच मुळात संस्थांकडे वळतात; सभासद झाल्यावर पडणारी भर थोडीच असते.

मग भर पडते कशाने? अर्थशास्त्रज्ञ अर्न्स्ट फेर आणि सिमॉन गेख्टर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. चार अनोळखी माणसं, प्रत्येकाकडे २० नाणी. सामायिक पेटीत हवी तितकी टाकायची. पेटीतल्या प्रत्येक नाण्यामागे चौघांनाही ०.४ नाणं मिळतं. सगळ्यांनी सगळी टाकली, तर प्रत्येकाला ३२. एकट्यानेच काही टाकलं नाही, तर त्याला ४४ आणि बाकीच्यांना २४. सुरुवातीला लोक बरंच टाकतात, पण दहाव्या फेरीपर्यंत पेटी जवळपास कोरडी पडते. सगळे लोभी असतात म्हणून नव्हे. ‘मी एकट्यानेच का?’ हा सल त्यांना मागे खेचतो. स्वतःच्या पदराला खार लावून का होईना, कामचुकाराला दंड करायची मुभा दिली, की पेटी पुन्हा भरू लागते.

हेच शेतातही घडतं. सामायिक संपत्तीवरच्या कामासाठी २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्पेनमधल्या जुन्या पाटांचं वर्णन केलं आहे. तिथे पाणीपाळी असते. ज्याची पाळी संपत आली, त्याला आणखी थोडं पाणी हवंसं वाटतं. पण पुढच्या पाळीचा शेतकरी तिथेच, पाटाच्या कडेला उभा असतो.