अपंग मुलाचं संगोपन : आईबाप आत कसे आले

मुलाच्या हातापायांत ताठरपणा दिसला की आईला हमखास विचारलं जातं, "बाळंतपणात काही झालं होतं का?" या प्रश्नाचं मूळ लंडनचे डॉक्टर विल्यम जॉन लिटल यांच्यापाशी जातं. अवघड प्रसूती, अपुरे दिवस, जन्मताच गुदमरणं यांचा अशा ताठरपणाशी संबंध त्यांनी १८६१ साली मांडला. (लिटल यांचं स्वतःचं पाऊलही वाकडं होतं, जर्मनीत शस्त्रक्रिया करवून घेतली आणि तीच शिकून परतले.) १८९७ साली सिग्मंड फ्रॉइड (पुढे मनोविश्लेषणासाठी गाजलेले) यांनी शंका काढली : गर्भातच आधी काही बिनसलं म्हणून प्रसूती अवघड गेली असेल तर? १९८०च्या दशकातल्या अभ्यासांत दिसलं, की जन्मावेळचं गुदमरणं हे थोड्याच मुलांच्या सेरेब्रल पाल्सीचं (वाढत्या मेंदूला इजा होऊन येणाऱ्या अशा ताठरपणाचं, हालचालींच्या अडचणींचं) कारण असतं. आईला विचारणं मात्र थांबलेलं नाही.

आईकडे बोट दाखवणाऱ्यांनी तिला उपचारात फारसं येऊ दिलं नव्हतं. पोलिओ किंवा हाडांचा क्षय झालेली मुलं महिनोन्महिने प्लास्टरमध्ये, फ्रेमला बांधून इस्पितळात पडून असत. आईबापांनी यायचं ते ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. ते गेल्यावर मूल रडतं, म्हणून भेटीच नकोत असा तर्क! ब्रिटनमधले सामाजिक कार्यकर्ते जेम्स रॉबर्टसन यांनी वॉर्डात बसून पाहिलं, की गप्प झालेलं मूल रुळलेलं नसतं, खचलेलं असतं. इस्पितळातल्या मुलांविषयीच्या ब्रिटनच्या १९५९च्या प्लॅट अहवालाने आईबापांना मोकळेपणी येऊ द्या, लहानग्यांजवळ आईला राहू द्या, असं सांगितलं.

घरच्या संगोपनाला उपचाराचं स्थान देण्यात फिजिओथेरपिस्ट बर्टा आणि डॉक्टर कारेल बोबाथ या दाम्पत्याचा वाटा मोठा. १९४०च्या दशकात त्यांनी लंडनमध्ये काम सुरू केलं. पाय कात्रीसारखे आवळणाऱ्या बाळाला कडेवर घेताना पाय फाकवून, गुडघे वाकवून घ्यायचं. भरवताना, कपडे घालतानाही तसंच सांभाळायचं. शहाणी कल्पना. पण तिच्या मागून व्यायामांचे तक्ते आले आणि बऱ्याच घरांत आई थेरपिस्ट होऊन बसली.

मुलाला काय हवं, हे विचारायला आणखी वेळ लागला. आईने गरोदरपणी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हात नसलेली मुलं जन्मली तेव्हा, १९६०च्या दशकात, त्यांना गॅसच्या दाबावर चालणारे जड कृत्रिम हात बसवले गेले. बऱ्याच मुलांनी ते काढून टाकले आणि पायाच्या बोटांनी लिहू लागली. हातांची घाई मोठ्यांनाच होती, असं मला वाटतं. चाकाच्या खुर्चीचंही तेच : 'मूल चालायचा प्रयत्न सोडेल' म्हणून ती लांबवली जाई. आता दोन वर्षांच्या आतल्या मुलांनाही मोटरची छोटी गाडी देऊन पाहतात.