डावखुरा पवित्रा आणि पुढच्या पायाची जागा (मुष्टियुद्ध)

मुष्टियुद्धात उजवा हात-पाय पुढे आणि डावा हात-पाय मागे ठेवून लढण्याच्या पद्धतीला डावखुरा पवित्रा किंवा ‘साउथपॉ’ म्हणतात. डावा पाय पुढे ठेवणारा तो ‘ऑर्थोडॉक्स’. पवित्रा जन्मजात हातावरूनच ठरतो असे नाही. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारा ऑस्कर दे ला होया जन्माने डाव्या हाताचा, पण लढला ऑर्थोडॉक्स पवित्र्यात.

दोन ऑर्थोडॉक्स समोरासमोर आले की प्रत्येकाच्या पुढच्या पायासमोर दुसऱ्याचा मागचा पाय येतो. एक जण डावखुरा असला की हे चित्र बदलते. दोघांचे पुढचे पाय बोटांना बोटे भिडवून उभे राहतात. बूट बुटावर पडतो, डोकी आपटतात, पुढच्या हाताचा जॅब, म्हणजे झटपट सरळ ठोसा, दुसऱ्याच्या पुढच्या हातावर अडतो. पायात पाय अडकून कोणी पडलाच, तर पंच ती घसरण मानतात, ठोशाने पडल्यासारखे आकडे मोजत नाहीत.

अशा लढतीत डावखुऱ्याला पहिला धडा मिळतो तो पाऊल बाहेर टाकण्याचा. म्हणजे उजवा पाय प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या पायाच्या बाहेरच्या अंगाला न्यायचा. अंतर फार तर वीतभर, पण तेवढ्याने दोन गोष्टी साधतात. डावखुऱ्याचा मागचा डावा खांदा प्रतिस्पर्ध्याच्या छातीच्या मध्यावर येतो, त्यामुळे सरळ डावा ठोसा त्याच्या दोन हातांमधल्या फटीतून जातो. आणि प्रतिस्पर्ध्याचा मागचा उजवा हात, म्हणजे त्याचे सर्वांत जड हत्यार, लांब पडतो. ठोसा मारायचा तर त्याला आधी अंग वळवावे लागते.

यातली खुबी चवड्यात आहे. पाऊल बाहेर पडले तरी बुटाचे टोक प्रतिस्पर्ध्याकडेच वळलेले हवे. ते बाहेर वळले की कंबर उघडते आणि डावा ठोसा बाजूने निघून जातो. उजवीकडे सरकताना आधी उजवा पाय, मग तितकाच डावा. डावीकडे सरकताना उलट. पायांची कात्री, म्हणजे एक पाय दुसऱ्याला ओलांडून जाणे, कधीच होऊ द्यायची नाही. नवशिका बहुतेक वेळा उजवा पाय उत्साहाने टाकतो आणि डावा मागेच विसरतो. मग पाय फाकतात, मागची टाच जमिनीला चिकटते आणि ठोसा बोटभर आधीच संपतो.

ऑर्थोडॉक्स खेळाडूलाही आपला डावा पाय बाहेरच हवा असतो. म्हणून दोघांची दोन-चार बोटे जागेसाठी सतत ओढाताण चालते. मात्र ‘पाऊल बाहेर’ हा नियम अनेक ठिकाणी मंत्रासारखा घोकवला जातो, ते योग्य नाही. बाहेरची जागा मिळवण्यासाठी प्रतिस्पर्धी आपल्या डावीकडे सरकला की तो डावखुऱ्याच्या उजव्या हुकच्या, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाच्या, वाटेत येतो. जाणता डावखुरा ही जागा कधी मुद्दाम सोडतो, ती याचसाठी. शिवाय बाहेर गेलेले पाऊल ठोशाविना राहिले तर ते नुसते चालणे होते, आणि कोन न घेता सरळ आत शिरणे तर घातकच. ८ डिसेंबर २०१२ रोजी लास व्हेगासमध्ये डावखुरा मॅनी पॅकियाओ सहाव्या फेरीच्या शेवटच्या क्षणी सरळ पुढे झेपावला आणि हुआन मॅन्युएल मार्केझच्या उजव्या ठोशाने जागीच कोसळला. एरवी ठोसे मारून बाजूला निसटणे ही पॅकियाओची ओळख होती.

युक्रेनच्या दोन डावखुऱ्यांनी ही कला फार पुढे नेली. २००८ आणि २०१२ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणाऱ्या वासिल लोमाचेन्कोला वडिलांनी लहानपणी लोकनृत्य शिकायला लावले होते. तो नुसता पायाबाहेर जाऊन थांबत नसे. प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याला वळसा घालून बाजूला उभा राही. ओलेक्सांद्र उसिक अवजड गटातला, तरी त्याचा पुढचा पाय क्षणभरही स्वस्थ नसतो. १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये त्याने स्वतःहून कितीतरी उंच असलेल्या टायसन फ्युरीला नवव्या फेरीत डाव्या ठोशांनी हेलपाटत दोरांपर्यंत नेले.

समोरही डावखुराच असला तर बाहेरच्या पायाचे हे सगळे गणित मोडते. पुढच्या पायासमोर पुन्हा मागचा पाय येतो, जॅबला वाट मिळते आणि ज्याने आयुष्यभर ऑर्थोडॉक्स खेळाडूंशीच सराव केला तो डावखुराही अशा वेळी चाचपडतो.